होमरनचा खरा बादशहा कोण? ७६२, ७५५, ७१४ की आणखी कोणी?

तिसरा_अंपायर
लोकहो, क्रिकेटवर आपण इथे बारा महिने डोकी फोडतो, सध्या थंडीत बेसबॉलवाले रिकामे बसलेत तर जरा चव बदलू. प्रश्न सरळ आहे. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात वरची लीग) करिअरमधले सगळ्यात जास्त होमरन बॅरी बॉन्ड्सचे, ७६२. मग हँक ॲरन ७५५, बेब रूथ ७१४, आल्बर्ट पुहोल्स ७०३. सातशेच्या वर आजवर हे चौघेच. एका सीझनचा रेकॉर्डही बॉन्ड्सचाच, २००१ मधले ७३. म्हणजे कागदावर विषय संपला. पण इथे अमेरिकेत कुठल्याही बेसबॉलवेड्यासमोर बॉन्ड्सचं नाव काढा, माणूस आधी तोंड वाकडं करतो आणि मग बोलायला लागतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: ॲरन. एका सीझनमध्ये हा बाबा ४७ च्या वर कधी गेलाच नाही. पन्नाशी एकदाही नाही! तरी ७५५. तेवीस सीझन खेळला. आणि त्याचे सगळे होमरन वजा केले तरी तीन हजारांच्या वर हिट्स (बॉल मारून बेस गाठणं) उरतात (३७७१ वजा ७५५, करा हिशोब). नुसता दणकेबाज नव्हता, बॅट्समन होता.

तुमचा एक नंबर कोण आणि का? "बॉन्ड्सने स्टेरॉइड घेतली" एवढं टाकून पळू नका, ते शेंबड्या पोरालाही माहितीये.

कोकणी_मेवा
विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण जागा धरून बसतोय. भांडणं सुरू झाली की उठवा.

चिंगीची_आई
होमरन म्हणजे सिक्सरच ना? मग सहा रन का नाही देत? पोरगा लिटल लीगला जातो, मी आपली डबा घेऊन बाकावर बसते आणि सगळे ओरडले की ओरडते. सीरियसली विचारतेय.

स्कोअरर_दादरचा
चिंगीची आई, बेसवर किती जण उभे आहेत त्यावर रन ठरतात. कोणीच नसेल तर एक, तिन्ही बेस भरलेले असतील तर चार. त्याच्या वर काही मिळत नाही. आणि मागे, बाजूला, कीपरच्या डोक्यावरून असले लाड इथे नाहीत, दोन फाउल लाइनच्या मधूनच बॉल कुंपणापार गेला पाहिजे. कोपऱ्यात कुंपण साधारण ३३० फुटांवर म्हणजे १०० मीटर, समोर मधोमध ४०० फूट म्हणजे १२२ मीटर. आयपीएलमध्ये १०० मीटरचा सिक्सर गेला की कॉमेंटेटर खुर्चीतून पडायच्या बेतात येतात, इथे समोर १०० मीटर मारलात तर सेंटर फिल्डर आरामात कॅच घेऊन जातो. त्यात बॅट गोल, जाडी जास्तीत जास्त २.६१ इंच, आणि ताशी ९५ मैलांचा बॉल टप्पा न पडता ०.४ सेकंदात अंगावर. क्रिकेटमध्ये निदान टप्पा पडल्यावर विचार करायला क्षणभर मिळतो.

आणखी एक गंमत म्हणजे मैदानांना ठराविक माप नाही. बोस्टनच्या फेनवे पार्कला लेफ्टला कुंपण फक्त ३१० फुटांवर, पण तिथे ३७ फुटी हिरवी भिंत उभी. डेन्वर मैलभर उंचीवर, विरळ हवेत बॉल उडतच राहायचा, शेवटी २००२ पासून ते लोक बॉल दमट कपाटात ठेवायला लागले. म्हणून मला हे आकडे एकाखाली एक मांडून बघायलाच आवडत नाहीत.

सातारी_तडका
बॉलला कपाट??? आमच्या गल्लीत बॉल गटारात असायचा, आपोआप दमट.

नाना_जर्सीवाले
अंपायर, ॲरनबद्दल आदर आहेच, पण रूथला तिसऱ्या नंबरवर बसवणं मला झेपत नाही. नुसता आकडा बघू नका, त्या वर्षी बाकीचे काय करत होते ते बघा. हा माणूस मुळात बोस्टनचा पिचर (म्हणजे आपला बॉलर), आणि साधासुधा नाही, १९१६ ला २३ मॅच जिंकलेल्या. मग बोस्टनच्या मालकाने त्याला आमच्या न्यूयॉर्क यांकीजना विकला (बोस्टनवाले त्यावर २००४ पर्यंत रडत होते, आता जरा थांबलेत). यांकीजकडून पहिल्याच वर्षी, १९२० ला, ५४ होमरन. दोन नंबरवर जॉर्ज सिसलर, १९. एकोणीस!! अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या एकाही टीमने, अख्ख्या टीमने मिळून, ५४ मारले नव्हते. १९२७ ला ६० मारले तेव्हाही तीच तऱ्हा. आज टीमा वर्षाला दोनशेच्या आसपास मारतात, म्हणजे तशी बरोबरी करायची तर एकट्याने दोनशे मारायला लागतील. मारेल कोणी?

त्याच्या आधी करिअरचा रेकॉर्ड होता रॉजर कॉनरचा, १३८. रूथने तो १९२१ लाच मोडला आणि पुढे १९३५ पर्यंत स्वतःचाच रेकॉर्ड पुढे ढकलत राहिला. बाकीच्यांनी होमरन जास्त मारले असतील, होमरन मारायचा असतो हे या माणसाने शिकवलं. त्याआधी लोक बंट करून (बॅट आडवी धरून बॉल हळूच ढकलून) धावत सुटायचे.

स्कोअरर_दादरचा
नाना, त्यात बॉलचाही हात आहे हो. १९२० पर्यंत एकच बॉल मळून काळाठिक्कर होईपर्यंत खेळवायचे, त्यावर थुंकी, तंबाखू, काय वाटेल ते लावायचे. १९२० ला थुंकी लावायला बंदी आली, आणि त्याच ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला बॉल लागून गेला, तेव्हापासून पांढरे स्वच्छ बॉल वापरायला लागले. दिसणारा बॉल मारणं सोपंच.

नाना_जर्सीवाले
मग सिसलरला काय काळा बॉल टाकत होते का? सगळ्यांना तोच बॉल होता, मारला एकानेच.

निवृत्त_गुगली
नानांचा मुद्दा मान्य करूनही एक राहतंच. रूथ ज्यांच्याविरुद्ध खेळला ते सगळे गोरे. कृष्णवर्णीयांना मेजर लीगचं दार १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन आला तेव्हा उघडलं. तोवर ते निग्रो लीगमध्ये खेळायचे. सॅचेल पेजसारखा पिचर रूथला अधिकृत मॅचमध्ये कधी भेटलाच नाही. रूथने भेटू दिला नाही असं मी म्हणत नाहीये, त्याच्या हातात नव्हतं ते, पण "बाकीचे काय करत होते" हे मोजायचं तर निम्मे बाकीचे मैदानाबाहेर उभे होते.

आणि त्या बाहेरच्यांत जॉश गिब्सन होता. कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर. हॉल ऑफ फेममधल्या (बेसबॉलच्या थोरांचा मानाचा हॉल) त्याच्या पाटीवर "जवळजवळ ८००" होमरन लिहिलेत, त्यात लीगच्या मॅच आल्या आणि गावोगाव फिरून खेळलेल्या मॅचही आल्या. नेमका आकडा कोणीच देऊ शकत नाही, कारण अर्ध्या मॅचच्या नोंदीच नाहीत. मेजर लीगने २०२४ मध्ये निग्रो लीगचे मिळालेले आकडे आपल्या यादीत घेतले, त्यामुळे करिअर ॲव्हरेजमध्ये (दर बॅटिंगमागे हिट्स) आधी एक नंबरवर असलेल्या टाय कॉबच्या वर आता गिब्सन आहे, .३७२. पण होमरनमध्ये त्याला जागा नाही, लीगचे सीझनच छोटे होते. गिब्सन गेला जानेवारी १९४७ ला, वय ३५. रॉबिन्सन मैदानात उतरला त्याच्या तीन महिने आधी.

तुमच्या यादीत पाचवा कॉलम रिकामा ठेवा एवढंच म्हणतो.

वेदा_सिएटल
गुगलीकाका, +१००. तीन महिने... काही बोलायलाच नको.

बे_एरिया_बाळ्या
आलो. मी बॉन्ड्सवाला. मारा दगड.

२००१ ते २००४ मी सॅन फ्रान्सिस्कोतच होतो, ग्रॅड स्टुडंट, स्टेडियममध्ये सगळ्यात वरचं स्वस्तातलं तिकीट. तुम्ही लोक आकडे बोलताय, मी काय बघितलं ते सांगतो. बॉन्ड्स बॅटिंगला आला की लोक बीअरच्या रांगेतून पळत यायचे. हा बॅट थोडी वर धरायचा, मूठ दांड्याच्या टोकाला नाही, दोन बोटं वर, लहान पोरांना शिकवतात तशी, आणि तरी बॉल राइट फिल्डच्या भिंतीवरून खाडीच्या पाण्यात. पाण्यात लोक होड्या घेऊन जाळी लावून बसलेले. पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काहीच घडायचं नाही, कारण समोरचा पिचर बॉलच टाकायचा नाही. मुद्दाम चार बॉल बाहेर, जा बाबा पहिल्या बेसवर. त्याला इंटेन्शनल वॉक म्हणतात. मग पब्लिक पिवळ्या रबरी कोंबड्या काढून हलवायचं, म्हणजे तुम्ही भित्रे आहात असं समोरच्या टीमला. मीपण घेतली होती एक, पिळली की कुईं करायची, ओळीतल्या चार जणांनी एकदम पिळल्या की पुढचे म्हातारेबुवा मागे वळून बघायचे.

२००४ चा आकडा ऐका. २३२ वॉक, त्यातले १२० मुद्दाम. ऑन बेस .६०९, म्हणजे दहा वेळा बॅटिंगला आला तर सहा वेळा बेसवर. उरलेल्या थोड्याशा बॉलांवर ४५ होमरन. वय चाळिशीला टेकलेलं. १९९८ ला तर ॲरिझोनाने तिन्ही बेस भरलेले असताना त्याला वॉक दिला होता, म्हणजे एक रन फुकट देऊ पण याला बॉल टाकणार नाही! क्रिकेटमध्ये कोणत्या बॅट्समनला असा मान मिळालाय सांगा. समोरच्याने खेळायलाच नकार द्यायचा.

स्टेरॉइड? असेल. नव्हे, आहेच धरून चाला. पण त्याला बॉल टाकणारे पिचरही तेच टोचून घेत होते की. ते कोणी सांगत नाही.

नाना_जर्सीवाले
बाळ्या, चाळिशीत हे जमतं त्याचं कारणच ते टोचणं आहे. पस्तिशीपर्यंत त्याने एका सीझनमध्ये पन्नास कधी मारले होते? नाही. आणि मग एकदम ७३.

बे_एरिया_बाळ्या
नाना, पस्तिशीच्या आतच त्याला तीन एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) होत्या. सुई टोचून बॉल दिसायला लागत नाही.

सातारी_तडका
🍿🍿

कोकणी_मेवा
झाली का सुरू? उठलो.

चिंगीची_आई
मला एक कळत नाही, सगळ्यांना माहिती होतं तर थांबवलं का नाही कोणी?

तिसरा_अंपायर
कारण पैसे येत होते. १९९४ ला खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सीरिजच (म्हणजे फायनलच) रद्द. लोक प्रचंड चिडले, स्टेडियम ओस. मग १९९८ ला मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांची शर्यत लागली, रॉजर मॅरिसचा ६१ चा रेकॉर्ड कोण आधी मोडतो. रोज रात्री बातम्यांत तेच. ८ सप्टेंबरला मॅग्वायरने ६२ वा मारला तो सोसाच्याच टीमविरुद्ध, सोसा राइट फिल्डमधून धावत येऊन गळ्यात पडला, मॅरिसची मुलं स्टँडमध्ये बसलेली. शेवटी मॅग्वायर ७०, सोसा ६६. त्याच उन्हाळ्यात एका रिपोर्टरला मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोची (स्टेरॉइडच्या जातीचं औषध) बाटली दिसली होती, पण ते औषध तेव्हा बेसबॉलमध्ये चालत होतं, उलट लोक रिपोर्टरवरच घसरले. सापडला तर शिक्षा असली टेस्टिंग सुरू झाली २००४ ला. मॅग्वायरने कबूल केलं २०१० ला.

आता गंमत बघा, सीझनमध्ये साठ किंवा जास्त होमरन आजवर दहाच वेळा झालेत. त्यातले सहा वेळा १९९८ ते २००१ या चार वर्षांत. आधीच्या सव्वाशे वर्षांत दोनदा, नंतरच्या चोवीस वर्षांत दोनदा.

वेदा_सिएटल
त्यात सोसाचं नशीब म्हणजे कहरच. तो एकटाच ज्याने तीन वेळा साठी गाठली, ६६, ६३, ६४. आणि त्या तिन्ही वर्षी तो लीगमध्ये दुसरा! दोनदा मॅग्वायर पुढे, एकदा बॉन्ड्स. पहिला आला तो पन्नास आणि एकोणपन्नास मारले त्या वर्षी 😂

बाय द वे, नंतरच्या दोनांतला एक आमचा आहे. कॅल रॉली, सिएटल मरिनर्स, २०२५ ला साठ. आणि तो कॅचर आहे हो!! अख्खी मॅच गुडघ्यावर बसून, अंगावर बॉल झेलत, आणि मग उठून साठ होमरन, तेही डावी-उजवी दोन्ही बाजूंनी बॅटिंग करून. कॅचरचा आधीचा रेकॉर्ड ४८ होता, दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्यांचा मिकी मँटलचा ५४, दोन्ही एका वर्षात गेले. त्याला प्रेमाने बिग डंपर म्हणतात, का ते फोटो बघून कळेल, इथे लिहीत नाही, काका लोक आहेत.

नाना_जर्सीवाले
आम्ही काका लोकांनी फोटो बघितलेत.

दुसरा आमचा ॲरन जज, २०२२ ला ६२. सहा फूट सात इंच उंच, टेक्सासच्या मैदानावर ४ ऑक्टोबरला मारला. मॅरिसचा मुलगा तेव्हा उघड म्हणाला की खरा रेकॉर्ड आता हाच, बाकीचे सोडा. रूथ, मॅरिस, जज, तिघेही यांकीज. उगाच सांगितलं.

आणि मॅरिसवर झालेला अन्यायही सांगतो, कारण कोणी सांगणार नाही. १९६१ ला त्याने रूथचे ६० मोडले, पण त्याच वर्षी सीझन १५४ वरून १६२ मॅचचा केला होता. लीगचा प्रमुख म्हणजे कमिशनर फोर्ड फ्रिक, हा एकेकाळी रूथसाठी लेख लिहून द्यायचा, त्याने आधीच सांगून टाकलं की १५४ मॅचच्या आत झालं नाही तर वेगळी नोंद करू. टेन्शनने मॅरिसचे केस गळायला लागले, अक्षरशः पुंजके. लोकांनाही टीममधल्याच मँटलने मोडावा असं वाटत होतं, हा बाहेरून आलेला. शेवटच्या दिवशी ६१ वा मारला तेव्हा यांकी स्टेडियममध्ये जेमतेम तेवीस हजार लोक, अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. ती वेगळी नोंद काढून टाकली १९९१ ला. मॅरिस १९८५ लाच गेला होता. हॉल ऑफ फेममध्ये अजून नाही.

निवृत्त_गुगली
हे मात्र माहिती नव्हतं नाना. आकड्यापुढे चांदणी (*) लावायची हौस जुनीच दिसतेय त्यांची.

बे_एरिया_बाळ्या
चांदणीवरून आठवलं. बॉन्ड्सने ॲरनला मागे टाकलं तो ७५६ वा बॉल एका फॅशनवाल्याने साडेसात लाख डॉलरला घेतला आणि इंटरनेटवर मतदान घेतलं की याचं काय करू. लोकांनी ठरवलं, त्यावर चांदणी कोरायची आणि हॉल ऑफ फेमला पाठवायचा. पाठवला. म्हणजे बॉल आत, मारणारा बाहेर. २०२५ च्या डिसेंबरमध्ये हॉल ऑफ फेमच्या कमिटीची मतं झाली त्यात बॉन्ड्सला पाचसुद्धा मिळाली नाहीत, आणि निवडून कोण आला? जेफ केंट! आमच्याच टीममधला, २००२ ला डगआउटमध्ये कॅमेऱ्यासमोर बॉन्ड्सशी झोंबाझोंबी केलेला. नियतीला पण विनोदबुद्धी आहे.

टोक्योतली_अश्विनी
कधीची वाचतेय, कोणी तरी नाव काढेल म्हणून थांबले होते. सदाहारू ओह! ८६८!! बॉन्ड्सपेक्षा शंभरावर जास्त. तुमच्या "बादशहा कोण" मध्ये जपान येतच नाही का?

१९५९ ते १९८०, सगळी कारकीर्द योमिउरी जायंट्सकडे. पहिली तीन वर्षं काही खास नाही. मग अराकावा नावाचे कोच आले, त्यांनी त्याला एका पायावर उभं राहायला शिकवलं. पिचरचा हात वर गेला की हा बगळ्यासारखा पुढचा पाय उचलून थांबणार, बॉल आला की पाय टेकवून फटका. तोल साधावा म्हणून छताला कागदाची पट्टी टांगून ती तलवारीने कापायचा सराव करायचा. खरी कताना. पट्टी हलकी असते, नुसत्या जोराने कापली जात नाही, उडून जाते. १९६२ पासून सलग तेरा वर्षं लीगमध्ये सगळ्यात जास्त होमरन त्याचेच.

वडील चिनी म्हणून त्याच्याकडे जपानी नागरिकत्व नाही. शाळेत असताना टीमला जिंकून देऊनसुद्धा राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्याला खेळू दिलं नाही. आणि १९७७ ला ॲरनचे ७५५ ओलांडले तेव्हा त्याच देशाच्या पंतप्रधानांनी त्याच्यासाठी नवीन सन्मान काढला. गुगलीकाका म्हणतात ती दाराची गोष्ट इथेही आहे, वेगळ्या तऱ्हेने.

नाना_जर्सीवाले
अश्विनीताई, मैदानं लहान होती हो तिथली. पिचिंगही मेजर लीगच्या तोडीचं नाही.

टोक्योतली_अश्विनी
नाना, सीझनही लहान होता, १३० ते १४० मॅचचा. ते का नाही धरत? आणि ॲरन स्वतः १९७४ ला टोक्योत येऊन ओहशी होमरनची स्पर्धा खेळला. निकाल १०-९, ॲरन जिंकला. एकाने. तेव्हा चाळीस वर्षांचा होता हे त्याच्या बाजूने, पण ओहला तोडीचा नव्हता म्हणणं ॲरनला तरी पटलं नसतं, शेवटपर्यंत मित्र होते दोघं.

एक काळी बाजूपण सांगते, उगाच भक्ती नको. ओहचा सीझनचा रेकॉर्ड ५५ चा. पुढे तो मॅनेजर झाल्यावर परदेशी खेळाडू त्या आकड्याजवळ आले की ओहच्या टीमचे पिचर बॉलच टाकायचे नाहीत. १९८५ ला रँडी बास ५४ वर, शेवटच्या मॅचला चार वॉक. २००१ ला टफी ऱ्होड्स ५५ वर, पुन्हा तेच. शेवटी बॅलेंटीनने २०१३ ला ६० मारून टाकले, तेव्हा ओह मॅनेजर नव्हता.

सातारी_तडका
म्हणजे रबरी कोंबड्या टोक्योला पाठवायला हव्या होत्या.

बे_एरिया_बाळ्या
😂😂 माझी अजून आहे, कुरियर करू?

तिसरा_अंपायर
धागा भरकटायच्या आत ॲरनचं राहिलेलं लिहितो, कारण मी त्याला एक नंबर दिला तो नुसत्या ३७७१ साठी नाही.

१९७३ च्या सीझनला त्याने ४० मारले, वय ३९, आणि सीझन संपला तेव्हा आकडा होता ७१३. रूथचे ७१४. एकाने कमी! म्हणजे पुढचे सहा महिने, अख्खा हिवाळा, एका होमरनवर अडकून बसायचं. त्या वर्षी त्याला सुमारे नऊ लाख तीस हजार पत्रं आली. चांगली खूप होती, पण एक कृष्णवर्णीय माणूस रूथचा रेकॉर्ड मोडणार म्हणून जिवे मारायच्या धमक्याही भरपूर, मुलांना पळवून नेऊ असंही. मुलगी कॉलेजात, तिच्यावर पहारा. हा हॉटेलात खोट्या नावाने राहायचा, बरोबर बंदूकधारी पोलिस. या परिस्थितीत रोज जाऊन ९० मैलांचा बॉल मारायचा.

१९७४ ला सीझनच्या पहिल्या मॅचला पहिल्याच स्विंगला ७१४. मग ८ एप्रिल, अटलांटा, समोर लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर अल डाउनिंग. ७१५. बेसवर धावत असताना दोन पोरं मैदानात घुसून त्याच्याजवळ आली, पाठ थोपटायला आली होती बिचारी, पण त्या दिवसांत अंगावर कोण कशासाठी येतंय काय कळणार. होम प्लेटवर आईने जी मिठी मारली ती सुटेना. माइकवर तो काय बोलला असेल? देवाचे आभार, संपलं एकदाचं. आनंद झाला असं नाही म्हणाला.

ती पत्रं त्याने जपून ठेवली होती. बॉन्ड्सने ७५६ वा मारला त्या रात्री ॲरन गेला नाही, पण स्क्रीनवर त्याचा अभिनंदनाचा व्हिडिओ दाखवला. कमिशनरला तेवढं जमलं नाही, तो त्या रात्री आलाच नव्हता.

निवृत्त_गुगली
उत्तम प्रतिसाद. यात माझंही मत ॲरनला.

सातारी_तडका
एवढ्या सगळ्यात आपला भारतीय कोणीच नाही? रिंकू सिंगला पाठवा, एका ओव्हरमध्ये पाच मारतो.

स्कोअरर_दादरचा
तडक्या, रिंकू सिंग जाऊन आलाय! हा नाही, दुसरा. २००८ ला भारतात जोरात बॉल फेकणाऱ्यांची स्पर्धा घेतली होती, त्यात उत्तर प्रदेशची दोन भालाफेकवाली पोरं निवडली, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातातसुद्धा धरला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनी करार केला, अमेरिकन बेसबॉलमधले पहिले भारतीय. मेजर लीगपर्यंत नाही पोचले, रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. पण पिचर होते ते, होमरन खाणारे, मारणारे नाहीत.

आता खरी मजा. त्यांना कॅलिफोर्नियात कोणी शिकवलं? टॉम हाउस. आणि हा टॉम हाउस १९७४ ला अटलांटाचा राखीव पिचर होता. ॲरनचा ७१५ वा बॉल लेफ्ट फिल्डच्या कुंपणामागे बुलपेनमध्ये (राखीव पिचर हात गरम करतात ती जागा) पडला, तो झेलला या टॉम हाउसने! आणि बॉल घेऊन धावत होम प्लेटला जाऊन ॲरनला देऊन आला.

वेदा_सिएटल
काय सांगतोस! म्हणजे तो बॉल झेललेल्या हातांनी बनारसच्या पोरांना ग्रिप शिकवली??

सातारी_तडका
आता हा धागा मला कळायला लागला.

चिंगीची_आई
दिला परत? फुकट? परवा वाचलं ओहतानीचा कुठलातरी बॉल कोटींत गेला म्हणून.

स्कोअरर_दादरचा
४४ लाख डॉलरच्या आसपास. ओहतानी म्हणजे डॉजर्सचा जपानी खेळाडू. २०२४ ला एका सीझनमध्ये ५० होमरन आणि ५० चोरलेले बेस असं आजवर कोणी केलं नव्हतं ते त्याने केलं, त्यातला तो पन्नासावा. हाउसला बॉल परत द्यायला तेव्हा दुसरा विचार आला नसणार, टीममेट होता.

नाना_जर्सीवाले
ओहतानीला घ्या की मग यादीत. पिचिंगही करतो, मारतोही, रूथनंतर दुसरा कोण? २०२५ च्या ऑक्टोबरला सेमीफायनलच्या मॅचमध्ये सहा इनिंग पिचिंग करून दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच मॅचमध्ये तीन होमरन. मी यांकीजचा, डॉजर्स मला डोळ्यांसमोर नकोत, तरी टीव्हीसमोर उभा राहिलो.

बे_एरिया_बाळ्या
नानांनी डॉजर्सवाल्याचं कौतुक केलं, स्क्रीनशॉट घेतलाय. पण २०२५ चा सीझन संपला तेव्हा करिअरचे त्याचे २८०च होते, वय ३१. जजचे ३६८, वय ३३. जज मेजर लीगमध्ये आलाच चोविसाव्या वर्षी, त्यामुळे ७०० काही होत नाहीत. ७६२ कोणाच्या हाती लागत नाही, माझ्या हयातीत तरी नाही.

तिसरा_अंपायर
तेवढं मी मान्य करतो. मोजून बघितलं तर इथे ॲरनला मी, गुगलीकाका, वेदाचं अर्धं. रूथला नाना. बॉन्ड्सला बाळ्या. ओहला अश्विनी. गिब्सनचा कॉलम गुगलीकाकांनी सांगितल्याप्रमाणे रिकामा ठेवलाय. स्कोअरर, तू मत न देता सगळ्यांचे मुद्दे खोडत बसलायस.

वेदा_सिएटल
माझं अर्धं कोणी दिलं ॲरनला? माझं पूर्ण बिग डंपरला.

स्कोअरर_दादरचा
मी दर किती बॅटिंगला एक होमरन ते बघतो. मॅग्वायर साडेदहाला एक, रूथ पावणेबाराला एक, बॉन्ड्स तेराला एक, ॲरन सोळाच्या पुढे. मॅग्वायर बाद केला की राहिला रूथ. घ्या नाना, एक मत.

नाना_जर्सीवाले
जियो! दादरचा माणूस शेवटी हिशोबाला पक्का.

बे_एरिया_बाळ्या
खूश होऊ नका. २५ मार्चला यांकीज आमच्याकडे येतायत, सीझनची पहिलीच मॅच, सॅन फ्रान्सिस्कोत. या राहायला. वरच्या मजल्यावर खोली आहे, स्टेडियमला मात्र आमच्या बाजूला बसायचं आणि जजला वॉक दिला तरी ओरडायचं नाही.

नाना_जर्सीवाले
तिकीट कोण काढणार ते आधी बोल.